भिडूशिवाय डाव नाही

1999 साली 'एव्हरक्वेस्ट' हा ऑनलाइन संगणकखेळ खेळणाऱ्या जादूगाराची मंत्रशक्ती संपली, की त्याला जमिनीवर बसून मंत्रांची पोथी उघडावी लागे. सुरुवातीच्या पातळ्यांवर ही पोथी सगळा पडदा व्यापून टाकी. समोरचं जंगल, मागची पायवाट, झाडांआडून फिरणारी जनावरं, काही म्हणजे काही दिसत नसे. अशा वेळी भरवसा एकच, की बरोबरचे भिडू पहारा देताहेत. शक्ती भरून यायला काही मिनिटं लागत आणि तोवर करण्यासारखं दुसरं काही नसे. म्हणून माणसं एकमेकांशी टाइप करून बोलू लागत. कुठून खेळतोस, काम काय करतोस, तुझ्याकडे आता किती वाजले? त्या सक्तीच्या बसण्यातून मैत्र्या जुळल्या, काहींची लग्नंसुद्धा.

पुढच्या काळातल्या खेळांनी ही बसकण वेळेचा अपव्यय समजून काढून टाकली. एव्हरक्वेस्टच्या प्रमुख निर्मात्यांपैकी एक असलेले ब्रॅड मॅकक्वेड यांना ते पटलं नाही. वाट पाहणं, वाट चुकणं आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं यांतूनच खोट्या जगाला खरेपण येतं, अशी त्यांची धारणा होती. तसं जग पुन्हा उभं करण्यासाठी त्यांनी 2014 मध्ये 'पँथिऑन: राइज ऑफ द फॉलन' हा खेळ जाहीर केला. त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. मॅकक्वेड आज हयात नाहीत. खेळ अजूनही बांधला जातो आहे.

अक्षरांतून उभं राहिलेलं जग

या खेळांचं मूळ चित्रांत नाही, अक्षरांत आहे. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. पडद्यावर फक्त मजकूर येई: तुम्ही अमुक खोलीत आहात, उत्तरेला दार आहे. खेळाडू 'उत्तरेला जा' असं टाइप करी. नवलाची गोष्ट ही, की त्याच खोलीत त्याच वेळी दुसरा माणूस उभा असू शकत असे. पुढे कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' तयार केला. कोणी पुढे होऊन घाव झेलायचा, कोणी जखमा भरायच्या आणि कोणी शत्रूवर मारा करायचा, ही कामांची वाटणी अशा खेळांतून घट्ट झाली.

मॅकक्वेड आणि त्यांचे मित्र स्टीव्ह क्लोव्हर या अक्षरखेळांत रमलेले. दोघांनी फावल्या वेळात 'वॉरविझर्ड' नावाचा खेळ केला होता. त्याच्या दुसऱ्या भागाचा नमुना पाहून सोनीच्या जॉन स्मेडली यांनी 1996 मध्ये त्यांना कंपनीच्या सॅन दिएगोतल्या स्टुडिओत घेतलं. अक्षरांचं ते जग त्रिमितीय चित्रांत आणायचं, असं काम ठरलं. 16 मार्च 1999 रोजी एव्हरक्वेस्ट बाजारात आला. घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येण्याचे ते दिवस. तार तुटली की खेळाडू खेळाबाहेर फेकला जाई, पण त्याचं पात्र थोडा वेळ तिथेच निश्चल उभं राही. त्याला 'लिंक-डेड' म्हणत. चांगले भिडू त्या निश्चल पात्राभोवती उभे राहून लढत आणि तो परत येण्याची वाट पाहत.

एव्हरक्वेस्टचं जग कठोर होतं. मेलात तर अंगावरचं सगळं सामान प्रेतापाशी राही आणि ते आणायला उघड्या अंगाने त्याच धोक्याच्या जागी परत जावं लागे. मिळवलेला अनुभवही कमी होई. मानवी पात्राला रात्री नीट दिसत नसे. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायचं तर धक्क्यावर उभं राहून जहाजाची वाट पाहावी लागे. खेळात बाजारपेठ कोणी बांधून दिली नव्हती, तेव्हा खेळाडूंनीच ईस्ट कॉमनलँड्स भागातला एक बोगदा धरला आणि तिथे आठवडी बाजारासारखा ओरडून माल विकायला सुरुवात केली. या देवघेवीचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी 2001 मध्ये एक निबंध लिहिला. खेळातल्या वस्तू बाहेर खऱ्या डॉलरना विकल्या जात होत्या. त्या भावांवरून त्यांनी हिशेब मांडला, की या काल्पनिक जगाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान बसतं.

एकट्याची सोय

नोव्हेंबर 2004 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि चित्र पालटलं. तो देखणा, सफाईदार होता. त्यात एकट्यालाही शेवटच्या पातळीपर्यंत जाता येत होतं. 2010 मध्ये त्याचे वर्गणीदार 1 कोटी 20 लाखांवर पोचले. एव्हरक्वेस्ट या आकड्याच्या जवळपासही कधी गेला नव्हता. 2009 च्या अखेरीस वॉरक्राफ्टमध्ये एक नवी सोय आली. बटण दाबलं की यंत्रच पाच अनोळखी माणसं जमवून थेट गुहेत नेऊन सोडणार. अर्ध्या तासात काम फत्ते आणि बहुतेक वेळा एक शब्दही न बोलता सगळे पांगले.

ही सोय लाखो लोकांना हवी होती. नोकरी-संसार सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला तासन् तास भिडू शोधत बसणं परवडत नाही. पण या सोयीत एक गोष्ट हातची गेली. ज्याची गरजच लागत नाही, त्याचं नाव लक्षात ठेवायचं कारण उरत नाही.

मॅकक्वेड यांनी वॉरक्राफ्टच्या लाटेतच आपला दुसरा प्रयत्न केला. सिजिल ही कंपनी काढून त्यांनी 'व्हॅनगार्ड' बांधला. 30 जानेवारी 2007 रोजी, वॉरक्राफ्टच्या पहिल्या विस्तारानंतर दोनच आठवड्यांनी, तो बाजारात आला, आणि आला तो अर्धाकच्चा. त्यात चुका होत्या आणि चांगल्या संगणकांवरही तो अडखळत चाले. मे महिन्यात सिजिलचा कारभार सोनीकडे गेला आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. व्हॅनगार्ड रडतखडत चालला आणि 31 जुलै 2014 रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. ज्यांनी तो मनापासून खेळला ते आजही त्याच्या अखंड भूमीबद्दल आणि कारागिरीबद्दल हळहळीने बोलतात.

पैसे आणि विश्वास

व्हॅनगार्ड मावळत असतानाच, जानेवारी 2014 मध्ये, मॅकक्वेड यांनी पँथिऑनसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांपुढे हात पसरला. उद्दिष्ट 8 लाख डॉलरचं होतं. जमले साडेचार लाखांच्या वर, पण किकस्टार्टरचा नियम असा, की उद्दिष्ट गाठलं नाही तर एक डॉलरही मिळत नाही. मोहीम संपली तेव्हा हाती काहीच नव्हतं.

इथे डाव मोडायला हवा होता. तो मोडला नाही, कारण काही माणसं उठून गेली नाहीत. व्हिजनरी रियल्म्स या छोट्या कंपनीभोवती आपापल्या घरून काम करणारे लोक जमले, काही तर सुरुवातीला बिनपगारी. पाठीराख्यांसाठी थेट पॅकेजेस ठेवली गेली. जितकं मोठं पॅकेज, तितका आधी चाचणीचा दरवाजा उघडणार. पुढे गुंतवणूकदारही आले. बड्या खेळांच्या खर्चापुढे जमलेला पैसा किरकोळच होता. हजारो लोकांनी न बनलेल्या वस्तूसाठी पैसे मोजले आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली.

या वाटेवर सगळेच मुक्कामाला पोचत नाहीत. 'कॅमेलॉट अनचेन्ड'ने 2013 मध्ये किकस्टार्टरवर 22 लाख डॉलर जमवले आणि त्याचे पाठीराखे दशकभर वाट पाहत राहिले. 'क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया'ने 2016 मध्ये 13 लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि मार्च 2020 मध्ये त्याच्या स्टुडिओने काम थांबवल्याचं जाहीर केलं. लोकांचे पैसे आणि वर्षं दोन्ही गेली. म्हणून पँथिऑनच्या उशिराकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. पाठीराख्याचा पैसा म्हणजे ठेव असते, आणि ठेवीला मुदत असते.

उशीर का होतो

उशिराला आळस हेच कारण नसतं. असा खेळ बांधणं म्हणजे काय ते एका साध्या गुणाकारातून कळतं. एका चौकात 10 खेळाडू उभे आहेत. प्रत्येकाला उरलेल्या नऊ जणांची हालचाल दिसायला हवी, म्हणजे सर्व्हरला 90 बातम्या पोचवायच्या. तेच 100 खेळाडू जमले की बातम्या 9,900 होतात. माणसं दहापट, काम शंभरपटीहून अधिक. शिवाय हे सेकंदातून कित्येकदा. कोणाला कोणाची बातमी द्यायची आणि कोणाची वगळायची, हे ठरवण्यातच चांगल्या अभियंत्यांची वर्षं जातात.

दुसरी अडचण फसवेगिरीची. खेळाडूच्या संगणकावर विश्वास ठेवून चालत नाही, कारण तो 'मी वाघ मारला' असं खोटं सांगू शकतो. म्हणून प्रत्येक घाव आणि प्रत्येक पाऊल सर्व्हरने स्वतः पडताळायचं. तिसरी अडचण पैशाची. राक्षस मारला की त्याच्या खिशातून सोनं निघतं, आणि ते शून्यातून जन्मलेलं असतं. रोज हजारो खेळाडू असं सोनं काढत राहिले तर भाव आभाळाला भिडतात. म्हणून ते परत शोषून घेणाऱ्या जागा, दुरुस्ती, प्रवास, कर, आधीच आखाव्या लागतात. आणि चौथी अडचण, वय. 2014 मध्ये काढलेली पात्रं 2024 मध्ये जुनाट दिसतात. पँथिऑन ज्या युनिटी इंजिनवर, म्हणजे खेळ बांधण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर, उभा आहे, ते इंजिनही या काळात बदलत गेलं. एक भिंत बांधून होईतो पहिल्या भिंतीचा रंग उडालेला असतो.

छोट्या चमूला हे सारं करताना चुका महागात पडतात. 2023 च्या उत्तरार्धात कंपनीने मुख्य खेळापासून वेगळ्या अशा एका खेळप्रकाराकडे वळत असल्याचं सांगितलं. पाठीराखे खवळले. आम्ही पैसे दिले ते याच्यासाठी नव्हे, असं त्यांनी ठणकावलं आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्यानंतर हाताने रंगवल्यासारखी दिसणारी नवी चित्रशैली आली, तिच्यावरूनही दोन तट पडले. मला या रागात एक हक्क दिसतो. दहा वर्षं पहारा देणाऱ्याला वाट बदलताना विचारायला हवं होतं.

टर्मिनसची भूमी

डिसेंबर 2024 मध्ये पँथिऑन स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानात 'अर्ली ॲक्सेस'साठी खुला झाला. म्हणजे खेळ अपुरा आहे हे मान्य करून विकत घ्यायचा आणि तो पुरा होत असताना आत राहायचं. या जगाचं नाव टर्मिनस. निरनिराळ्या विश्वांचे तुकडे एकमेकांवर आदळून ते घडलं, अशी त्याची कथा. इथले मानव, बुटके, एल्फ, ओगर सगळे कुठून तरी येऊन पडलेले आहेत. परक्यांना शेजारी होऊन राहावं लागतं, हे कथेतच पेरलेलं आहे.

खेळात पुढची वाट दाखवणारा चमकता बाण नाही. टेकडी, दरीची दिशा, दूरचा बुरूज या खुणा डोळ्यांत साठवत चालायचं. जवळजवळ कोणत्याही कड्यावर चढता येतं, पण दम संपला की हात सुटतो. सहा जणांची तुकडी असते आणि कामं चार: घाव झेलणारा, जखमा भरणारा, मारा करणारे, आणि एकदम पाच शत्रू अंगावर आले तर त्यांतल्या तिघा-चौघांना मंत्राने गुंगवून ठेवणारा. हे चौथं काम बऱ्याच नव्या खेळांतून मागे पडलं आहे. लढाई मंद चालते, आणि दोन लढायांच्या मध्ये बसावं लागतं. बसलं की माणसं बोलतात.

खेळात अजून मोकळ्या जागा आहेत. काही प्रदेश व्हायचे आहेत, आखलेल्या काही गोष्टी अजून कागदावरच आहेत. वॉरक्राफ्टइतका तो कधीच पसरणार नाही, आणि त्याला तसं पसरायचंही नाही. रात्रीचे दोन तास देऊन चार अनोळखी माणसांची नावं लक्षात ठेवायला तयार असलेल्या थोड्यांसाठी तो आहे. अशा थोड्यांसाठी एवढा खटाटोप करावा का? माझं उत्तर होकारार्थी आहे. सगळं एकट्याला जमेल अशी सोय आता आपल्या फोनपासून किराण्यापर्यंत सगळीकडे झाली आहे. दुसऱ्यावाचून अडतं, हे अनुभवायला मिळेल अशी एखादी जागा कोणी मुद्दाम, निगुतीने बांधत असेल, तर ती बांधली जायला हवी.

18 नोव्हेंबर 2019 रोजी ब्रॅड मॅकक्वेड गेले. एव्हरक्वेस्टमध्ये त्यांच्या पात्राचं नाव होतं अराडून. पुढच्या वर्षी त्या खेळाचा एक नवा सर्व्हर याच नावाने सुरू झाला. पँथिऑनची सर्जनशील बाजू ख्रिस पर्किन्स यांनी सांभाळली. ज्याच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले, तोच डाव अर्ध्यावर सोडून गेला होता. उरलेल्यांना खेळ बंद करायला ते कारण पुरेसं होतं, आणि कोणी दोष दिला नसता.

पण एव्हरक्वेस्टमध्ये वाढलेल्या माणसांना एक रीत ठाऊक होती. भिडूची तार तुटली, त्याचं पात्र निश्चल झालं, तर त्याला टाकून पुढे जायचं नाही. त्याच्याभोवती उभं राहून लढत राहायचं. या वेळी भिडू परत येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी ते उभे राहिले.