निवृत्तिवेतन कोणास, आणि का?

१४ ते २० मार्च २०२३ या सात दिवसांत राज्यातील अनेक कचेऱ्या व शाळा ओस पडल्या होत्या. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या सरकारी नोकरांस जुने निवृत्तिवेतन हवे होते. पुढे मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, वर महागाईभत्ता, देण्याचे जाहीर केले आणि वाद निवल्यासारखा दिसला. परंतु त्या काळात आपल्या गोंदियातही एक सवाल कानी येई : खासगीत राबणाऱ्यांस पेन्शन कोण देतो?

सवाल रास्त आहे. त्यावरून 'मग यांसही नको' असे म्हणणे मात्र आम्हांस मान्य नाही. निवृत्तिवेतन ही धन्याची कृपा नव्हे, केलेल्या सेवेचाच तो मोबदला होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात दिला. तो सरकारी नोकरांपुरता होता हे खरे. पण त्यातील न्याय कचेरीच्या फाटकाशी थांबावा काय?

शिवाय खासगी म्हणजे कोण? तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या वीजप्रकल्पातील वरिष्ठ अभियंत्यास तहसीलदाराच्या पगाराचा हेवा वाटू नये. तो वाटावा भातगिरणीतील हमालास आणि विड्या वळणाऱ्या बाईस. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या २०१५ च्या अहवालात सरकारातील सर्वांत खालच्या मदतनिसाचे एकूण वेतन २२,५७९ रुपये आहे. पाहणी केलेल्या खासगी आस्थापनांत तशाच मदतनिसास ८,००० ते ९,५०० मिळत. अंतर मोठे आहे ते तळाशी.

म्हातारपणी ते आणखी रुंदावते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आणि किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरविण्यात आले. त्या मर्यादेवर पस्तीस वर्षांच्या सेवेचा हिशेब महिना ७,५०० होतो, आणि महागाईभत्त्याची सोय त्यात नाही. विडी कामगार बाई तर तेथवर पोचतच नाही. तिची मजुरी हजारी दराने. त्यातून छाट वजा. ज्या विड्या सट्टेदाराच्या वहीत चढल्याच नाहीत, त्यांचे निवृत्तिवेतन निघणार कोठून?

तिजोरीवर भार पडतो, हा आक्षेप खोटा नाही. मात्र ती तिजोरी भरणाऱ्या करांत या बाईच्या साबणाच्या वडीवरील करही असतो. सरकारी नोकर तो घेतो याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या मागणीपत्रात त्याने तिच्यासाठी एक ओळ लिहावी, एवढी अपेक्षा आहे. वहीतील नोंदी श्रमखात्याने तपासाव्यात, आणि किमान निवृत्तिवेतनास महागाईची जोड देण्याचा प्रश्न भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी लोकसभेत लावून धरावा. संघटित नोकरांस सात दिवस संप करता आला. घरच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने काम थांबविले, तर त्या दिवशी चूल बंद राहते, कचेरी नव्हे.