कधीच नसलेलं गाव

एक अनाथ मुलगी स्टेशनवर वाट पाहत बसली आहे. तिला दत्तक घेणाऱ्यांनी खरं तर शेतीकामासाठी मुलगा मागवला होता, हे तिला अजून ठाऊक नाही. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ कादंबरीतला हा प्रसंग कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर घडतो. १९८५ साली केव्हिन सलिव्हन यांनी तो छोट्या पडद्यासाठी चित्रित केला. त्यात अ‍ॅन झालेली मेगन फॉलोज ज्या फलाटावर बसली, तो मात्र बेटापासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे, ऑन्टारिओ प्रांतातल्या रॉकटनजवळ.

आणि हे स्टेशन मूळचं तिथलंही नाही. ते होतं जवळच्या जर्सीविल गावचं.

रॉकटनच्या या जागेचं नाव वेस्टफील्ड हेरिटेज व्हिलेज. १९६४ साली सुरू झालेल्या या खुल्या संग्रहालयात पस्तिसाहून अधिक जुन्या इमारती आहेत: ओंडक्यांची घरं, चर्च, शाळा, दुकानं, लोहारशाळा. बहुतेक इमारती आसपासच्या भागातून हलवून आणलेल्या. ओंडक्यांचं घर हलवणं तसं सरळ असतं. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालायचा, घर उतरवायचं आणि नव्या जागी त्याच क्रमानं पुन्हा रचायचं.

इतिहासकार अशा गावांकडे जरा साशंकतेनं पाहतात, आणि त्यात तथ्य आहे. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या दशकांतल्या वास्तू इथे एकमेकींच्या शेजारणी झाल्या आहेत. असं गाव प्रत्यक्षात कुठेच नव्हतं.

चित्रपटवाल्यांना नेमकं हेच सोयीचं पडतं. जे गाव कुठलंच नाही, ते कुठलंही होऊ शकतं. शिवाय गिरणीपासून घरापर्यंत सगळं चालण्याच्या अंतरावर. पडद्यावरचा काळ मोडणाऱ्या आजच्या गोष्टी फारशा झाकाव्या लागत नाहीत, आणि लाकडावरची ऊन-पावसाची कळा रंगाऱ्याला आणावी लागत नाही. १८९० च्या दशकातल्या टोरोंटोत सुरू होणाऱ्या ‘मर्डॉक मिस्टरीज’ या गुप्तहेर मालिकेचंही चित्रीकरण इथे झालं आहे.

अर्थात वास्तू खऱ्या, म्हणून धास्तीही खरी. स्टुडिओतली भिंत खिळा ठोकून बिघडली तर दुसरी उभी करता येते. दीडशे वर्षांच्या तुळईला पर्याय नसतो. दिव्यांची उष्णता, जड सामान, पन्नास माणसांची ये-जा, हे सगळं जुन्या फरशीला सोसावं लागतं.

स्टेशनजवळ वाफेचं एक इंजिन आहे, क्रमांक १०३. ते १९१० साली मॉन्ट्रियलला बांधलं गेलं आणि रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर हॅमिल्टनच्या एका बागेत उभं होतं. १९७७ साली तेही वेस्टफील्डला आलं. स्टेशन जर्सीविलचं, इंजिन बागेतलं. पाहायला येणारे मात्र अ‍ॅन कुठे बसली होती, हेच आधी विचारतात.