लाल गटाचे गुपित

वर्सोव्याच्या खाडीत पहाटे शिरणारी प्रत्येक बोट मासळीचीच असते का? २००८ साली ‘कुबेर’ हा मासेमारीचा ट्रॉलर पळवूनच दहशतवादी मुंबईजवळ पोहोचले होते. त्यानंतर किनाऱ्यावर ‘सागर कवच’ हा सराव सुरू झाला. लाल गट घुसखोर, निळा गट रक्षक. निळ्यांना सराव आहे हे ठाऊक असते. लाल गट कुठे उतरणार, कोणते ठिकाण गाठणार, हे नसते.

माझ्या मते सरावाचा सगळा जीव या झाकलेल्या उद्दिष्टात आहे. लक्ष्य आधीच कळले तर पहारा तिथेच गोळा होतो आणि उरलेला किनारा उघडा पडतो. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या राइसवित्झने नकाशावरचा युद्धखेळ रचला, तोही याच तत्त्वावर: शत्रू दिसेल तेवढाच पटावर मांडायचा, पूर्ण चित्र फक्त पंचाकडे.

पंचाकडे नसलेली एक गोष्ट मात्र कोळीवाड्याकडे आहे. अनोळखी बोट, चुकीच्या भरतीला निघालेला माणूस कोळ्यांच्या नजरेला लगेच खटकतो. समुद्रात असे काही दिसले, तर सराव असेल म्हणून सोडू नका. सागरी पोलिसांना १०९३ वर कळवा.