विश्लेषण : रुग्णालयात जडलेला संसर्ग मोजतात कसा?

आजार एक, आणि आयसीयूत चार दिवस काढल्यावर ताप भरतो तो भलत्याच जंतूमुळे. हे किती रुग्णांच्या बाबतीत घडते, ते मोजण्याची ठरलेली पद्धत आहे.

संसर्ग रुग्णालयातलाच, हे कसे ठरते?

दाखल होताना नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग रुग्णालयात जडलेला मानतात. आयसीयूत लक्ष ठेवले जाते ते मुख्यतः तीन नळ्यांवर : मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन, लघवीचा कॅथेटर आणि व्हेंटिलेटरची नळी.

मग दर कसा काढतात?

नुसते रुग्ण मोजून चालत नाही. आज किती रुग्णांना सेंट्रल लाइन आहे, याची नोंद रोज ठरावीक वेळी होते. महिन्याची बेरीज म्हणजे ‘लाइन-दिवस’. दर १,००० लाइन-दिवसांमागे रक्तात संसर्ग झाल्याच्या किती घटना, हा झाला दर. समजा, एका रुग्णालयात ३,००० लाइन-दिवसांत ६ संसर्ग झाले, तर दर २. दुसरीकडे ५०० दिवसांत ३ झाले, तर दर ६. संसर्ग निम्मे, पण धोका तिप्पट.

यात एक मेख आहे. ताप आल्यावर रक्त कल्चरला पाठवलेच नाही, तर संसर्गाची नोंदच होत नाही आणि दर शून्य! त्यामुळे शून्य दिसला की आधी विचारायचे, महिन्यात कल्चर किती पाठवली?

औषधांना दाद न देणारे जंतू कसे कळतात?

त्याच कल्चरमधून. वाढलेल्या जंतूवर कोणते औषध चालते, ते प्रयोगशाळा तपासते. आयसीएमआरचे जाळे २०१३ पासून अशी माहिती गोळा करते. क्लेब्सिएला न्यूमोनिए या जंतूच्या ६५ टक्के नमुन्यांवर २०१६ मध्ये इमिपेनेम चालत होते. २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर. हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायचे औषध. ते चालले नाही तर कोलिस्टिनसारखी औषधे उरतात, आणि त्यांचा त्रास मूत्रपिंडांना होऊ शकतो.

हे आकडे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांचे आहेत. ते तालुक्याच्या नर्सिंग होमला जसेच्या तसे लागू होत नाहीत. कल्चरचा पूर्ण अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात. तोवर डॉक्टरांना औषध अंदाजानेच निवडावे लागते. स्वतःच्या रुग्णालयातल्या जंतूंची नोंद हाताशी असेल, तर तो अंदाज चुकण्याची शक्यता कमी.

नातेवाइकांनी काय विचारावे?

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर पाठवले का? आणि रोज सकाळी : ही नळी आजही गरजेची आहे का?