विश्लेषण : भूल दिल्यावर आठवण का राहत नाही? शस्त्रक्रियेनंतरच्या विसराळूपणाला भूलच जबाबदार?

खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा गुडघेबदलाचा सल्ला मिळालेल्या ज्येष्ठांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो : भूल दिल्यानंतर स्मरणशक्ती जाणार नाही ना? या धास्तीने शस्त्रक्रिया लांबवली जाते किंवा ‘पूर्ण भूल नको, कमरेखालचीच द्या’ असा आग्रह धरला जातो. भुलीच्या औषधांचा स्मृतीवर परिणाम होतो हे खरेच. किंबहुना तो व्हावा हा भुलीचा एक हेतूच असतो. पण तो टिकतो किती काळ आणि नंतरच्या विसराळूपणाला भूलच कारणीभूत असते का, हे प्रश्न वेगळे आहेत.

भूल म्हणजे गाढ झोपच का?

नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. आजच्या संपूर्ण भुलीत चार गोष्टी साधल्या जातात : शुद्ध हरपणे, वेदना न जाणवणे, हालचाल थांबणे आणि आठवण न राहणे. भुलीच्या बहुतेक औषधांनी स्मृती सर्वात कमी मात्रेत थांबते. शुद्ध हरपण्यास त्याहून अधिक आणि चिरा घेतानाही शरीर हलू नये यासाठी आणखी अधिक मात्रा लागते. म्हणूनच एंडोस्कोपीपूर्वी मिडॅझोलॅम दिलेला रुग्ण डॉक्टरांशी बोलतो, सूचना पाळतो. पण नंतर त्यातले त्याला अनेकदा काहीच आठवत नाही. मराठीतल्या ‘भूल’ या शब्दात विसरण्याचाही अर्थ आहे, तो असा तंतोतंत लागू पडतो.

मेंदूत नेमके काय घडते?

नव्या आठवणी साठवण्याच्या कामात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग महत्त्वाचा असतो. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या या भागाचा बराच अंश काढण्यात आला. त्यांच्या बालपणीच्या आठवणी शाबूत राहिल्या, पण नव्या घटना लक्षात राहीनाशा झाल्या. भुलीच्या औषधांमुळे काहीसे असेच, पण तात्पुरते घडते. मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन चेतापेशींना आवर घालते. प्रोपोफोल, एटोमिडेट, सेव्होफ्लुरेन, मिडॅझोलॅम ही औषधे गाबाच्या ग्राहींवर काम करून हा आवर वाढवतात. अनुभव लक्षात राहण्यासाठी पेशींमधील जोडण्या बळकट व्हाव्या लागतात. ती प्रक्रियाच थंडावते. हिप्पोकॅम्पसमध्ये गाबाच्या ग्राहींचा ‘अल्फा-५’ हा प्रकार मोठ्या प्रमाणात असतो आणि तो कमी मात्रेलाही प्रतिसाद देतो. केटामाइन मात्र एनएमडीए या वेगळ्या ग्राहींना अडवते. आधी साठवलेल्या जुन्या आठवणी यात पुसल्या जात नाहीत.

आठवत नाही म्हणजे जाणवलेच नाही?

तसे म्हणता येत नाही. हे तपासण्यासाठी स्नायू शिथिल करणारे औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला पट्टा आवळतात. औषध त्या हातात पोहोचत नाही आणि हात हलू शकतो. मग ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा’ असे सांगितले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ रुग्णांनी, म्हणजे ४.६ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. नंतर त्यातील एकालाही ते आठवले नाही. याउलट ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या पाहणीत ‘मला मधेच जाग आली होती’ असे स्वतःहून सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १९ हजारांत एक इतकेच होते.

नंतरचा विसराळूपणा कशामुळे?

‘लॅन्सेट’मधील १९९८ च्या अभ्यासात ६० वर्षे व त्यावरील १,२१८ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांच्या स्मृती व विचारक्षमतेत घट दिसली. तीन महिन्यांनी हे प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या गटात ते २.८ टक्के होते. कॅनडातील टोरंटोच्या संशोधकांना उंदरांमध्ये असे आढळले, की औषध शरीरातून निघून गेल्यावरही अल्फा-५ ग्राहींचे काम काही दिवस वाढलेले राहते. माणसांतही हेच कारण आहे, हे मात्र सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेमुळे शरीरात होणारा दाह, वेदना, जंतुसंसर्ग, झोपमोड, इतर औषधे आणि आधीपासून सुरू असलेला स्मृतिभ्रंश यांचाही यात वाटा असतो.

मग कमरेखालची भूल चांगली?

केवळ स्मृतीच्या भीतीने तिचा आग्रह धरण्यास आधार नाही. अमेरिका व कॅनडात खुब्याच्या अस्थिभंगाच्या १,६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मणक्यातून भूल दिलेल्यांपैकी २०.५ टक्के, तर संपूर्ण भूल दिलेल्यांपैकी १९.७ टक्के जणांना शस्त्रक्रियेनंतर संभ्रमावस्था आली. त्यात मणक्यातून भूल दिलेल्या अनेकांना गुंगीचे औषधही दिलेले होते. चीनमधील ९५० ज्येष्ठांच्या चाचणीत गुंगी न देताही फरक दिसला नाही : ६.२ आणि ५.१ टक्के. हृदय, फुप्फुसे, रक्त पातळ करणारी औषधे अशा इतर कारणांवरून निवड होऊ शकते. ती भूलतज्ज्ञांनी करायची असते.

कुटुंबीयांनी काय करावे?

रुग्णाला आधीपासून विसर पडत असेल, पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर बरळणे झाले असेल, झोपेच्या गोळ्या किंवा मद्याची सवय असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. नंतर चष्मा व श्रवणयंत्र लवकर परत द्यावे, ओळखीचे माणूस जवळ असावे, रात्रीची झोप सांभाळावी आणि डॉक्टरांच्या परवानगीने लवकर चालवावे. शुद्धीवर येताच डॉक्टरांनी सांगितलेले रुग्णाच्या लक्षात राहीलच असे नाही. त्यामुळे सूचना नातेवाइकांनी लिहून घ्याव्यात. पहिले २४ तास रुग्णाने वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये. खुब्याचे हाड मोडल्यावर भुलीच्या भीतीने अंथरुणावर पडून राहिल्यास न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. बहुतेक ज्येष्ठांच्या बाबतीत तो धोका भुलीपेक्षा मोठा असतो.