जुनी इंग्रजी घड्याळे : संग्रह व जतन

लष्करात, जयेंद्रगंजासारख्या जुन्या वस्तीत, एखाद्या घराच्या बैठकीत लंबकाचे घड्याळ अजूनही टांगलेले आढळते. पुष्कळदा ते बंद असते. भिंतीला रंग देताना ते उतरविले जाते आणि पुन्हा खुंटीवर न चढता भंगारवाल्याच्या हाती पडते. तसे होण्यापूर्वी त्याची योग्यता वाचकांस कळावी, एवढ्याचसाठी आम्ही हा लेख लिहीत आहो.

आपल्याकडे पूर्वी घटिकापात्राने काळ मोजीत. तळाशी छिद्र असलेले ते पात्र पाण्यावर ठेविले म्हणजे २४ मिनिटांत भरून बुडे. अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र होई. युरोपात १६५६ साली हॉलंडच्या ह्यूजेन्सने घड्याळास लंबक जोडला आणि पुढे इंग्लंडातील कारागिरांनी ही कला उत्कर्षास नेली. त्यांपैकी टॉमस टॉम्पियन १७१३ साली वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत चिरविश्रांती लाभली. कारागिराचा याहून मोठा गौरव कोणता?

उंच पेटीच्या घड्याळात वजन खाली उतरते व त्याच्या ओढीने चाके फिरतात. सुमारे एक मीटर लांबीचा लंबक दर सेकंदास एक हेलकावा घेतो आणि प्रत्येक हेलकाव्यास एकच दाता पुढे सुटतो. ‘टिकटिक’ होते ती ह्यामुळेच. कमानीच्या घड्याळात अडचण निराळी. नुकतीच किल्ली दिलेली कमान जोराने ओढते. उलगडत गेली की तिचा जोर ओसरतो. यावर इंग्रज कारागिरांनी शंकूच्या आकाराचे चाक वापरले. जोर अधिक असता साखळी त्याच्या निमुळत्या भागावरून ओढते, कमी झाला की रुंद भागावरून. म्हणून चाल सम राहते.

संग्राहकाने तबकडीवरील नावास भुलू नये. ते पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असते. पेटी, तबकडी आणि यंत्र एकाच काळातील आहेत काय, हे पाहावे. यंत्राच्या पट्टीवर रिकामी छिद्रे दिसली, तर मूळचा एखादा भाग काढलेला असण्याचा संभव असतो. जुन्या दुरुस्तीकारांनी तेथे कोरलेली नावे व साले कधीही पुसू नयेत; तोच त्या घड्याळाचा इतिहास होय. खोबरेल तेल घालणे तर घातकच. ते घट्ट होते, त्यात धूळ मिसळते व आस झिजतात.

अशा जतनाचे उदाहरण हैदराबादेस पाहावयास मिळते. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांच्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय १९५१ साली उघडले. तेथील कुक अँड केल्वी या पेढीच्या घड्याळातून दर तासाला एक बाहुला बाहेर येऊन टोले देतो आणि ते पाहण्यास लोकांची दाटी होते.

परंतु संग्रहास नवाबाची संपत्ती लागतेच असे नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ग्वाल्हेरची सूर्यवेळ तिच्याहून सुमारे १७ मिनिटे मागे आहे. त्याआधीचे एखादे घड्याळ आपल्या घरी असेल, तर त्याने कदाचित ती जुनी वेळही दाखविली असेल! विद्यार्थ्यांनी ते कोणी आणले, केव्हा आणले, कोणी दुरुस्त केले, हे वडीलधाऱ्यांस विचारून वहीत टिपून ठेवावे. बंद पडलेले यंत्र चांगला कारागीर पुन्हा चालू करू शकेल; पण ही माहिती सांगणारी माणसे आहेत तोवरच ती मिळेल.