बिस्मथचा धडा

विजेची शेगडी कां तापते? तारेंतून धांवणाऱ्या विद्युत्कणांस धातूकडून विरोध होतो, आणि विजेच्या शक्तीची उष्णता बनते. शेगडींत ती उष्णता आपणांस हवी असते. परंतु जामखेडास दुरून वीज आणणाऱ्या तारांत तोच निव्वळ तोटा होय.

सन १९११ मध्यें हॉलंडांत कामरलिंग ओनेस यांस असें आढळलें कीं, पारा अतिशय थंड केल्यास हा विरोध समूळ नाहींसा होतो. या गुणास अतिवाहकता म्हणतात. तिची उपपत्ति १९५७ सालीं मांडली गेली. बिस्मथ धातूंत मात्र सुमारें एक लाख अणूंमागें एकच विद्युत्कण मोकळा असतो. म्हणून तींत हा गुण दिसण्याची आशा नव्हती.

तरीही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत एस. रामकृष्णन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिस्मथचे शुद्ध स्फटिक थंड करीत नेले. उणें २७३ अंशांच्या जवळपास असलेलें केवल शून्य एका अंशाच्या हजारांशाच्या सुमारें निम्म्यावर येतांच ते अतिवाहक झाले! हा शोध डिसेंबर २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला.

एवढ्या थंडींत तारा ओढतां येणार नाहींत, हें खरें. पण जुन्या उपपत्तीनें याचा उलगडा होत नाहीं, हीच मोठी प्राप्ति. पुस्तकाचा मान राखावा. निवाडा मात्र प्रयोगानेंच व्हावा. यास्तव पालकहो, मुलाची शंका दडपूं नका.